आपोआप

मे महिना. कूलरला वाळ्याची नवी ताटी लावलीय,
तरी संगणकांना धाप लागते.
ग्रंथालयात तीनच यंत्रं चालू. चौथ्यावर
टाचण्यांची डबी आणि माझा टिफिन.
अकरा महिन्यांच्या करारावर मी इथं
मुलांना संदर्भ सांभाळायला शिकवते:
हे बटण दाबा, पुस्तक आत येतं.
हे दाबा, कंसात नाव आणि साल.
शैली बदलली की साडेतीनशे स्वल्पविराम
एकदम उठून दुसऱ्या जागी बसतात,
प्रार्थना संपल्यावर वर्गात बसावं तसे.
मुलं हसतात. मलाही गंमत वाटते,
बावीस वर्षं हातानं कार्डं लिहिल्यावर.

डिंपल निखारे तांडापेठेतून स्कुटीवर येते,
दुपट्ट्यात तोंड गुंडाळून, डोळे तेवढे उघडे.
प्रकल्पाचा विषय: वस्तीतले उरलेले माग.
एकेचाळीस नोंदी ओळीनं उभ्या, एकच लाल.
"मॅडम, हे काऊन कोकलून राहिलं?"

वाक्य होतं:
करवतीला तीन धोटे लागतात,
दोन काठांचे, एक पोटाचा,
आणि दात पाडताना श्वास धरून ठेवावा लागतो.
कोणी लिहिलंय?
"लिहिलं नाई. बाबानं सांगतलं."
साल?
"सांगतच राहतात."
पान?
ती हसली नाही. मग मीही नाही.

प्रकारांची यादी उघडली. पुस्तक, लेख, नकाशा,
पेटंट, चित्रफीत, न्यायालयाचा निकाल,
खूप खाली, स्क्रीन संपता संपता: मुलाखत.
आधी आडनाव, स्वल्पविराम, मग नाव.
निखारे, डोमाजी.
अशी उलटी हाक त्यांना आजवर
मेयोच्या औषधखिडकीतूनच आली असेल.

दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरनं विचारलं:
दोन नोंदी सारख्या वाटतात. एकत्र करू?
एक निखारे, डोमाजी. दुसरे निखारे, डी. एम.,
सोसायटीच्या जुन्या अहवालातले,
बंद पडलेल्या मागांच्या यादीत, क्रमांक सत्तावीस.
डिंपलनं माउस धरला. सोडला.
"तेच आहेत," ती म्हणाली. "पण राहू द्या, मॅडम."
मी 'नंतर' दाबलं.
या यंत्राची मला आवडणारी गोष्ट ही,
की त्याला नंतर म्हणता येतं.

सर म्हणाले, घरच्याच माणसाचा संदर्भ कसा चालेल?
नियमावली काढली. तिच्यात नाही म्हटलेलं नव्हतं,
हो म्हटलेलंही नव्हतं.
सरांची जेवायची वेळ झाली होती, सही झाली.

शनिवारी छापील प्रत घ्यायला तिचे बाबाच आले,
स्कुटी पंक्चर होती.
दारातच चप्पल काढली. मी म्हटलं, असू द्या,
तरी अनवाणीच आत.
शेवटचं पान त्यांनी खिडकीच्या उजेडात आडवं धरलं,
कापड धरतात तसं, चिमटीत दोन कोपरे.
वाचलं नाही. त्यांचं नाव कुठाय ते मी सांगणार होते,
पण बोट डाव्या कडेनं खाली निघालं होतं.

"हा काठ सरळ काऊन नाई?"
"पहिली ओळ बाहेर असते, बाबा, बाकीच्या आत.
आडनाव दिसावं म्हणून. आपोआप होते ते."
"आपोआप?"
पुन्हा वरून सुरू केलं.
बाहेर, आत, आत. बाहेर, आत.
बाहेर, आत, आत, आत.
स्वतःच्या नावावरून बोट तसंच पुढं गेलं,
थांबलं नाही.
पान संपल्यावर म्हणाले, "करवत आहे ही.
पण दात सारखे नाई पाडले."

डिंपल माझ्याकडे बघत होती.
कूलरमधलं पाणी संपून नुसती हवा फिरत होती.
मी बादली घेऊन उठले.